ऑनलाइन शंकाविचारणा (नागपूर)

ऑनलाइन शंकाविचारणा : शाळेचा स्वाध्याय, परीक्षेतला प्रश्न किंवा घरातली-शेतातली अडचण आंतरजालावर अनोळखी माणसांपुढे मांडून उत्तर मागण्याची रीत. विचारणारा आणि सांगणारा यांची ओळख नसते, उत्तराचे पैसे पडत नाहीत आणि झालेले प्रश्नोत्तर तिऱ्हाइतालाही वाचता येते, ही तिची सर्वसाधारण लक्षणे. यांतले तिसरे लक्षण महत्त्वाचे. त्यामुळे ती फोनवर सल्ला घेण्यापासून वेगळी पडते. शिकवणी वर्गाच्या बंद व्हॉट्सॲप गटात विचारलेला प्रश्न या व्याख्येत बसतो की नाही, याबद्दल दोन मते संभवतात. दोनशे जणांच्या गटात बहुतेक जण एकमेकांना अनोळखीच असतात, हे लक्षात घेता तो येथे धरला आहे.

संज्ञा : ‘शंका’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ भीती, आशंका, संशय असा आहे, ‘समजले नाही म्हणून विचारणे’ ही त्याची नंतरची छटा. मराठीत दोन्ही नांदतात, पण क्रियापद बदलले की रोख बदलतो. ‘शंका विचारणे’ हा नम्र व्यवहार, तर ‘शंका काढणे’ म्हणजे खुसपट काढणे. नागपुरातले विद्यार्थी मात्र ‘शंका’ क्वचितच लिहितात. त्यांचा शब्द ‘डाउट’. डाउट येतो, असतो, विचारला जातो आणि क्लियर होतो. या ‘डाउट’चा उगम वादग्रस्त आहे. तो शास्त्रपरंपरेतील शंका–समाधानाचे इंग्रजी भाषांतर होय, असे एक मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत ‘संशय’ तिसरा येतो, हे दाखवले जाते. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ ठरवणाऱ्या शास्त्रकारांच्या, अधिकरणाचाही (एका मुद्द्याच्या चर्चेचा) दाखला देतात. अधिकरणाची पाच अंगे अशी : विषय, विशय म्हणजे संशय, पूर्वपक्ष (आधी मांडलेली विरुद्ध बाजू), उत्तरपक्ष (तिचे उत्तर) आणि निर्णय. गीतेच्या चौथ्या अध्यायातील ‘परिप्रश्न’ही (गुरूला खोदून विचारणे) या संदर्भात पुढे केला जातो.

परंतु या दाखल्यांत एक अडचण आहे. अधिकरणातला संशय दुबाजू असतो : ‘हे असे की तसे?’ दोन्ही बाजू मांडता आल्याशिवाय तेथे संशय उभाच राहत नाही. नुसते ‘समजले नाही’ म्हणणाऱ्याला पूर्वपक्ष नसतो. परिप्रश्नाचीही गोष्ट निराळी. तो प्रणिपात (नमस्कार) आणि सेवा यांच्या जोडीने येतो, म्हणजे विचारणारा आधी नात्यात शिरतो. अनोळखी माणसाला विचारण्याची सोय नेमकी याच्या उलट, नात्यात न शिरण्याची आहे. पोर्तुगीज भाषेतील ‘दूविदा’ या शब्दालाही ‘संशय’ आणि ‘विचारायचा प्रश्न’ असे दोन्ही अर्थ आहेत. तेवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही, पण असा अर्थविस्तार भारतातच झाला असे म्हणण्याचे कारण उरत नाही. नागपूरपुरते बोलायचे तर ‘डाउट’ हा अभियांत्रिकी–वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांतून, हिंदी–इंग्रजी मिश्र बोलीच्या वाटेने आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात मराठी आणि हिंदी एकाच ओट्यावर बसत आल्या आहेत. शिकवणीच्या फळ्यावरही तेच चालते.

पूर्वपीठिका : अनोळखी वाचकांचे प्रश्न मागवून जाहीर उत्तरे देण्याचा पहिला पद्धतशीर उद्योग बहुधा लंडनच्या जॉन डंटनने १६९१ मध्ये आपल्या नियतकालिकातून केला. त्यात उत्तर देणारे मंडळ मूठभर होते. वाचकांनीच वाचकांना उत्तरे द्यायची, ही कल्पना १८४९ मध्ये लंडनमध्येच निघालेल्या ‘नोट्स अँड क्वेरीज’मध्ये स्थिरावली. तिची भारतीय आवृत्ती म्हणता येईल असे पत्र रिचर्ड टेंपल याने १८८३ मध्ये पंजाबात सुरू केले. संगणकांच्या जाळ्यावर ही रीत यूझनेट या चर्चागटांच्या जाळ्याबरोबर आली (१९८०). शालेय गणितापुरते पाहिले, तर अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये चालू केलेली ‘आस्क डॉक्टर मॅथ’ ही सेवा आरंभीची मानतात.

दक्षिण कोरियातील नेव्हर या शोधसंस्थळाने २००२ मध्ये प्रश्नोत्तरांना गुणांची जोड दिली. तोच साचा याहू आन्सर्सने २००५ च्या अखेरीस जगभर नेला आणि ४ मे २०२१ रोजी दुकान बंद केले. केवळ गृहपाठाला वाहिलेले ब्रेनली हे पोलंडमधले (२००९). तेथे प्रश्न विचारायला गुण खर्चावे लागतात आणि उत्तरे दिली की ते मिळतात. भारतात सर्वसामान्यांना आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ पासून खुले झाले, तरी नागपूरच्या शाळकरी मुलांच्या हाती ते साधारणतः २०१६ नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावरच पोचले असे धरावे लागते. त्यापूर्वीचे टप्पे सायबर कॅफे आणि ऑर्कुट हे समाजमाध्यम. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तोवर चोरून वापरला जाणारा फोन दप्तराचा भाग झाला.

व्यावहारिक प्रश्नांचा ओघ वेगळ्या वाटेने आला. १९४८ पासून चालू असलेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्राकडे श्रोते पत्रे पाठवत. २००४ पासून किसान कॉल सेंटर आले. या दोन्ही ठिकाणी सांगणारा नेमलेला माणूस असे. शेजारच्या बागेतला, पण कधी न भेटलेला माणूस उत्तर देऊ लागला तो फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर.

भाषा : नागपुरी बोलीत चालू क्रियेसाठी ‘राहणे’ हे सहायक क्रियापद येते : ‘करून राहिलो’, ‘समजून नाही राहिलं’. स्थानिक गटांत प्रश्न याच बोलीत पडतो : ‘भाऊ, हे गणित मले समजून नाही राहिलं, कोणी सांगता का?’ तोच मुलगा राज्यभराच्या किंवा देशभराच्या ठिकाणी गेला की ‘कृपया उत्तर सांगा’ असे पुस्तकी लिहितो, आणि घाईत असला की मराठीच रोमन लिपीत उमटवतो. ‘सांगजो’, ‘पाठवजो’ ही वऱ्हाडी–नागपुरी आज्ञार्थाची रूपे ओळखीच्या गटाबाहेर सहसा दिसत नाहीत. अनोळखी माणसाला ‘बे’ म्हणण्याची हिंमत मात्र उत्तर चुकले की येते.

शालेय प्रश्न : राज्य मंडळाच्या नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे येतात. प्रश्नांचा साचा बालभारतीच्या स्वाध्यायाचाच असतो; ‘कारणे लिहा’, ‘टिपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ ही मथळ्याची वाक्येसुद्धा जशीच्या तशी उतरतात. यांत मराठीच्या पुस्तकातील ‘स्वमत’ हा प्रकार लक्षणीय आहे. विद्यार्थ्याने स्वतःचे मत लिहावे, ही त्याची अट. तरीही ‘या कवितेवर स्वमत पाहिजे, अर्जंट’ अशी मागणी होते, कोणी तरी ते दहा ओळींत पुरवतो आणि तेच मत पुढे वर्गातल्या आठ-दहा वह्यांत वेलांटीच्या चुकीसकट सापडते.

मदत मागण्याचे दोन प्रकार मानसशास्त्रात शॅरन नेल्सन-ल गॉल यांनी १९८१ मध्ये वेगळे केले : रीत शिकून पुढचे स्वतः करता यावे म्हणून मागितलेली मदत आणि हातातले काम उरकावे म्हणून मागितलेली. स्वमताची मागणी दुसऱ्या प्रकारात मोडते, हे उघड आहे. गणितात मात्र सीमारेषा पुसट होते. सोडवलेले उदाहरण समोर ठेवून पुढची चार सोडवणारी मुले असतातच.

स्थानिक विषयांवरच्या प्रश्नांत ‘नागपूर’ हा शब्दच घोटाळा करतो. स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी ‘नागपूर योजना’ विचारतो, तेव्हा त्याला डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने आखलेली वीस वर्षांची रस्तेयोजना हवी असते. तीत रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग असे वर्ग पाडले आणि दर १०० चौ. किमी.मागे १६ किमी. रस्ता हे लक्ष्य धरले. उत्तर म्हणून मात्र कधी विदर्भासह मराठी राज्य करण्याविषयीचा २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार येतो, कधी जानेवारी १९५९ च्या काँग्रेस अधिवेशनातील सहकारी शेतीचा ठराव. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात. ‘कोणत्या विषयाचा प्रश्न आहे?’ एवढे विचारले असते तर निभावले असते.

झिरो माईलचा दगड हा असाच नेहमीचा प्रश्न. ‘भारताचा मध्यबिंदू कोठे आहे?’ याला ‘नागपूर, झिरो माईल’ हे उत्तर इतक्या वेळा दिले गेले आहे की ते स्वयंसिद्ध वाटते. वास्तविक तो भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी संबंधित, १९०७ चा प्रमाण तलचिन्ह-दगड, म्हणजे उंची मोजण्यासाठीची संदर्भखूण, आहे. हे सर्वेक्षण विल्यम लँबटनने १८०२ मध्ये आरंभले. नागपूरकडे येत असतानाच जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. झिरो माईलच्या दगडाजवळील स्तंभावर जबलपूर, सिवनी, छिंदवाडा अशा आसपासच्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. सर्व देशाचे केंद्र दाखवणाऱ्या खुणेवर सिवनीला एवढे महत्त्व का मिळावे, हा प्रश्न रास्त आहे. भौगोलिक मध्य म्हणून हल्ली मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यातल्या करौंदीचे नाव घेतात. ब्रिटिश अमलातील अविभाजित भारताचा मध्य नागपूर होता, ही तडजोड काही जण सुचवतात. दगडावरून मात्र सर्वेक्षणाची खूण हाच अर्थ सरळ निघतो.

व्यावहारिक प्रश्न : कूलरच्या टाकीतल्या पाण्याचा वास, जातीच्या दाखल्याला लागणारी कागदपत्रे, वीजबिलाची दुरुस्ती, भाड्याची खोली हे बारमाही विषय होत. सर्वांत तपशीलवार प्रश्नोत्तरे आढळतात ती संत्र्यावर, काटोल–नरखेड–कळमेश्वर भागातल्या बागायतदारांत. नागपुरात १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तरी बुंध्याचा फोटो आधी गटात पडतो.

उदाहरणादाखल डिंक्या रोग घ्यावा. प्रश्न एका ओळीचा असतो : ‘बुंध्यातून डिंक येऊन राहिला, काय लावू?’ पाच मिनिटांत ‘बोर्डो लाव’ असे तीन-चार जण सांगतात. उत्तर चूक नाही. रोगट साल धारदार चाकूने खरवडून त्यावर १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी या प्रमाणातली बोर्डो मलम लावणे हा मान्य उपाय आहे. पण डिंक्या फायटोफ्थोरा बुरशीमुळे येतो आणि तिला ओला बुंधा मानवतो. म्हणून जाणता बागायतदार उत्तर देण्याआधी उलट विचारतो : पाणी कसे देता? आळे बुंध्याला लागून आहे का? कलमाचा जोड मातीत गाडला गेला आहे का? खुंट (ज्यावर कलम बांधले ते रोप) जंबेरी लिंबाचा की रंगपूर लिंबाचा? जंबेरीचा खुंट या रोगाला लवकर बळी पडतो; रंगपूर त्या मानाने टिकतो. बुंध्याभोवती दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवले नाही, तर मलम दरवर्षी लावत बसावे लागते. विचारणारा मलम विचारतो, दुखणे पाण्यात असते. संगणकक्षेत्रात अशा प्रश्नाला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात.

उलटप्रश्न हीच उत्तराच्या दर्जाची सर्वांत भरवशाची खूण म्हणता येईल. शालेय प्रश्नांना तो क्वचित मिळतो, कारण प्रश्न पुस्तकाने विचारलेला असतो. मुलाला त्यात काय अडले, हे त्यात कोठेच लिहिलेले नसते.

उत्तर देणारे : जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार अशा समूहांत ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेला १ टक्का पुरवतो. अनोळखी माणसाकडून नवी माहिती का मिळते, याचे स्पष्टीकरण मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या ‘दुर्बळ बंधां’च्या सिद्धांतात शोधतात : जवळच्यांना बहुधा तेवढेच माहीत असते जेवढे आपल्याला. बरोबर उत्तर हवे तर प्रश्न विचारू नये, चुकीचे उत्तर लिहावे, या उक्तीला ‘कनिंगहॅमचा नियम’ म्हणतात. ती विकीचे जनक वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी सांगितल्याचे स्टीव्हन मॅकगेडी यांचे म्हणणे आहे. खुद्द कनिंगहॅम यांनी ती आपली नसल्याचे म्हटले असल्याने नावापुरतेच श्रेय त्यांच्याकडे ठेवणे बरे. नागपुरी गटांत या नियमाचा प्रत्यय सावजी रश्श्याच्या पाककृतीवर हमखास येतो.

धोके : बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा ग्राहकसेवा क्रमांक विचारल्यावर भामट्याने आपलाच क्रमांक देणे, हा फसवणुकीचा रुळलेला प्रकार आहे, तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. परीक्षा चालू असताना प्रश्नपत्रिका बाहेर पाठवून उत्तरे मागवणे महाराष्ट्राच्या १९८२ च्या परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यावर उरकण्यासाठीचे पुष्कळसे प्रश्न तिकडे वळलेले दिसतात. गटांत आता निराळ्या घडणीचा प्रश्न येऊ लागला आहे : यंत्राने दिलेल्या उत्तराचा फोटो, शेजारी गाईडमधल्या उत्तराचा फोटो आणि खाली ‘यातलं बरोबर कोणतं?’ मीमांसकांच्या व्याख्येत बसेल असा दुबाजू संशय या रीतीत बहुधा प्रथमच येथे सापडतो.