करार झाला तरी निर्वासित परत का जात नाहीत?

आपल्या मुंबईतल्या सोसायटी ग्रुप्सवर कितीतरी वर्षं फिरणारा मेसेज: दोन देशांची बोलणी झाली की निर्वासित परत जातात, नाही गेले म्हणजे त्यांनाच जायचं नाहीये.

पटण्यासारखं वाटतं, पण भूतानचं उदाहरण बघा. १९९० च्या आसपास तिथून नेपाळी बोलणारे लोक बाहेर पडले, पूर्व नेपाळच्या कॅम्पमध्ये १ लाखाच्या आसपास माणसं, १९९३ पासून दोन्ही सरकारांच्या बैठकांवर बैठका आणि गाडी अडली ती मुळात हे आमचे नागरिक आहेत का यावरच. २००१ मध्ये एका कॅम्पात तपासणी झाली, २००३ मध्ये निकाल लागला तर बहुतेक जण ‘स्वतःहून देश सोडलेले’ ठरले, म्हणजे नागरिकत्वासाठी नव्याने अर्ज करा! जायचं नव्हतं म्हणावं तर १९९६ मध्ये हेच लोक भूतानकडे पायी निघाले होते. शेवटी २००७-०८ पासून बहुतेक जण अमेरिका वगैरे तिसऱ्याच देशांत गेले.

म्हणून असा मेसेज आला की कराराची बातमी उघडून बघा, नागरिकत्व कोण ठरवणार, घर-जमीन परत मिळणार का, आणि सहीनंतर प्रत्यक्ष किती माणसं परतली.