हाउसबोट संध्याकाळी का थांबते? केरळमधल्या एका रात्रीमागचा इतिहास

दिवाळी-नाताळच्या सुट्टीत मुंबईतून केरळला जाणाऱ्यांच्या बेतात हाउसबोटीची एक रात्र बहुधा असतेच. परतल्यावर तीन तक्रारी हमखास ऐकू येतात: बोट साडेपाचलाच बांधून ठेवली, दिवसा एसी बंद होता, आणि फोटोतल्या अरुंद कालव्यांत बोट गेलीच नाही. यातलं थोडंफार चालकावर अवलंबून असतं. बाकीचं त्या बोटीच्या आणि त्या पाण्याच्या इतिहासातून आलं आहे, म्हणून बुकिंगआधी तो माहीत असावा.

आजची हाउसबोट मुळात मालवाहू केट्टुवळ्ळम. अलप्पुळा (अलेप्पी) शहराभोवतीच्या कुट्टनाड या सखल भागातलं भात, काथ्या, मसाले या बोटींतून वेंबनाड तलावामार्गे कोचीपर्यंत जात. बांधणीला आंजिलीचं लाकूड, म्हणजे आपल्याकडच्या रानफणसाचं. खिळा एकही नाही. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या, फटींत सोडणाचा काथ्या ठासायचा आणि वर काजूच्या टरफलाचं तेल चढवायचं. मोठी बोट तीसेक टन माल नेई. उथळ पाण्यात ती लांब बांबूने रेटत, मोकळ्या तलावात शीड लावत. काथ्याही इथलाच: अलप्पुळात जेम्स डॅराने काथ्याचा पहिला कारखाना काढला तो 1859 मध्ये, आणि तिथलं बंदर त्याआधी जवळजवळ शतकभर चालू होतं.

कोची बंदर मोठं झालं तसं अलप्पुळाचं बंदर मागे पडलं. पुढे रस्ते आणि पूल झाले, माल ट्रकवर गेला आणि या बोटी काठाला पडून राहिल्या. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांवर बांबूच्या चटयांचं छत आणि खोल्या चढवून पर्यटन सुरू झालं. किनारी रेल्वे 1989 मध्ये अलप्पुळापर्यंत आली, 1992 मध्ये कायमकुळमला जोडली गेली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर मुंबईकरांना हा भाग खऱ्या अर्थाने जवळ आला.

कालव्यांच्या तक्रारीचं उत्तर बोटीच्या मापातच आहे. माल नेण्यासाठी बांधलेला साठ-सत्तर फुटांचा सांगाडा, त्यावर खोल्या, स्वयंपाकघर, जनरेटर. असं धूड गावातल्या लहान कालव्यात वळत नाही. ते पाहायचे तर लहान होडी किंवा शिकारा वेगळा घ्यावा लागतो. तो पैशांत धरला आहे का, हे आधी विचारावं. एसीचंही तसंच. तो जनरेटरवर चालतो, त्यामुळे साध्या पॅकेजमध्ये साधारण रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच मिळतो. दिवसभर हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच तसं लिहून घ्यावं.

आता पाण्याकडे येऊ. कुट्टनाडची शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. तलावाला बांध घालून, पाणी उपसून ती काढलेली आहेत. म्हणून डेकवर बसलं की भाताचं शेत आपल्या पातळीच्या खाली दिसतं, पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते खरंच वाटत नाही. उन्हाळ्यात खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून 1970च्या दशकात वेंबनाड तलावावर तन्नीरमुक्कम बंधारा बांधला. त्याची दारं साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत बंद असतात. भात वाचतं, पण बंधाऱ्याच्या दक्षिणेकडचं पाणी तुंबतं, आणि अलप्पुळा व कुमरकोम ही हाउसबोटींची दोन्ही ठिकाणं त्याच बाजूला आहेत. खारं पाणी आलं की मरणारी जलपर्णी या काळात माजते, बोटीच्या पंख्यात अडकते. बोटींचं सांडपाणीही याच तुंबलेल्या पाण्यात जाऊ शकतं, आणि 2002 पासून वेंबनाड रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. संडासाची टाकी कुठे रिकामी करता, हे बोटवाल्याला जरूर विचारा. पर्यटकांनी विचारलं तरच त्याची किंमत राहते.

संध्याकाळच्या थांब्याचं कारण मासेमारी. अंधार पडायला लागला की मच्छीमार तलावात जाळी टाकतात. त्यावरून बोट गेली तर त्यांचा रात्रीचा रोजगार बुडतो. म्हणून साडेपाच-सहापर्यंत बोटी काठाला लागतात आणि सकाळी नाश्त्याच्या सुमारास सुटतात. जेवणात येणारं करिमीन, आपलं कालुंदर, याच पाण्यातलं. दुपारी बारा ते सकाळी नऊ अशी बुकिंग असली तरी जेवणाचा थांबा वजा जाता प्रत्यक्ष चालणं पाच-सहा तासांचंच. तेव्हा बोट कुठे बांधणार, हा प्रश्न मार्गाइतकाच महत्त्वाचा. दहा-बारा बोटी शेजारी लागल्या तर रात्रभर जनरेटर ऐकावे लागतात.

सुरक्षेचे नियम दुर्घटनांनी कडक केले. 2002 मध्ये कुमरकोमजवळ प्रवासी बोट बुडून 29 जण गेले. मे 2023 मध्ये उत्तर केरळातल्या तानूरला पर्यटक बोट उलटून 22. या दोन्ही हाउसबोटी नव्हत्या, पण तानूरच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, आणि तो मोह कुठल्याही बोटीवर होतो. नोंदणी क्रमांक व प्रवासी क्षमता पाटीवर आहे का, प्रत्येकाला, मुलांच्या मापाचंसुद्धा, लाइफ जॅकेट आहे का, हे पाय ठेवण्यापूर्वी पाहावं. पाटीवरच्या आकड्यात आपला एक भाचा जादा होत असेल तर मोठी बोट घ्यावी.

लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्सप्रेस थेट अलप्पुळाला जाते, पण पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्या कमी वेगाने धावतात. बारा वाजताची बोट असेल तर आदल्या दिवशी पोहोचून गावात मुक्काम करावा. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी नेहरू ट्रॉफी या होड्यांच्या शर्यतीची तारीखही तपासावी. 1952 मध्ये सुरू झालेली ही शर्यत परंपरेने दुसऱ्या शनिवारी असते, अलीकडे ती महिनाअखेरीसही झाली आहे. ती पुन्नमडा तलावात होते, आणि अलप्पुळाच्या बऱ्याचशा हाउसबोटी तिथूनच सुटतात.