'पॅल' म्हणजे भावा: मैत्री आणि नात्यांच्या इंग्रजी शब्दांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात इंग्रजी शिकवताना एक शब्दजोडी मी इतक्या वेळा ऐकली आहे की मोजदाद राहिलेली नाही: 'कझिन ब्रदर'. पुस्तकी इंग्रजीत ही चूक, कारण तिथं नुसतं 'कझिन' पुरतं. पण ती खोडताना माझा हात दर वेळी अडखळतो. भावकी वेगळी, सोयरे वेगळे, हे आपल्याकडे पोराला शाळेत जाण्याआधी कळतं. मामाच्या मुलीशी लग्न इथल्या कितीतरी घरांत चालतं, चुलतबहिणीशी कधीच नाही. अशा घरातल्या पोरानं मामेबहीण आणि चुलतबहीण एकाच शब्दात कोंबायच्या कशा? निदान भाऊ की बहीण एवढं तरी कळावं म्हणून 'ब्रदर' आणि 'सिस्टर' जोडले गेले.

इंग्रजी मात्र मुळात अशी मोघम नव्हती. १०६६ साली उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत मामाला 'एआम' म्हणत आणि चुलत्याला 'फॅडेरा'. आत्या आणि मावशी यांनाही वेगवेगळे शब्द होते. नॉर्मनांच्या राज्यात दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि तिच्यातून 'अंकल', 'आंट', 'कझिन' इंग्रजीत शिरले. या तिघांची लॅटिन मुळं पाहिली की कोल्हापुरी माणसाला एकदम घरच्यासारखं वाटेल. 'अंकल'च्या मुळाशी 'अवुंकुलुस', म्हणजे आईचा भाऊ: मामा. 'आंट'च्या मुळाशी 'अमिता', म्हणजे बापाची बहीण: आत्या. आणि 'कझिन'च्या मुळाशी 'कोन्सोब्रिनुस', म्हणजे आईच्या बहिणीचं लेकरू: मावसभाऊ! तिन्ही शब्द नेमके होते, वापरता वापरता झिजून गुळगुळीत झाले. वर्गात हे सांगितलं की 'अंकल' शब्दाबद्दलचा परकेपणा निम्मा तरी कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

'मदर-इन-लॉ'मधला 'लॉ' हाही कोर्टकचेरीचा नव्हे. लग्नानं जोडल्या गेलेल्या कोणत्या नात्यांत पुन्हा लग्न वर्ज्य, हे चर्चचा कायदा ठरवत असे. तो कायदा या शब्दात उरला आहे.

कोल्हापुरात १८८० साली राजाराम कॉलेज उभं राहिलं आणि इंग्रजी साहित्याची गोडी इथल्या पेठांपर्यंत आली. याच कॉलेजात पुढे कवी माधव ज्यूलियन फारसी शिकवत. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५चा. त्यांचं नाव इथं घेण्याचं कारण असं की 'दोस्त' आणि 'यार' हे आपले दोन्ही लाडके शब्द फारसीतूनच आलेले. तालमीच्या मातीत घडलेला लंगोटीयारसुद्धा अर्धा फारसी आहे. म्हणजे मैत्रीचे शब्द बाहेरून घेणं आपल्याला नवीन नाही.

वाक्प्रचार मात्र तसे उचलून आणता येत नाहीत. 'ब्रेक द आइस' निघाला तो गोठलेल्या नदीत बर्फ फोडून बोटीला वाट करून देण्यावरून. पंचगंगेला महापूर येतो, ती गोठत नाही. म्हणून 'बर्फ फोडला' असं मराठीत लिहिलेलं वाचताना ठेच लागते. त्यासाठी 'भीड चेपली' हा आपला प्रयोग किती अचूक आहे! 'फेअर-वेदर फ्रेंड', म्हणजे फक्त सुखाच्या दिवसांतला मित्र, याचंही तेच. इंग्लंडात आभाळ निवळणं म्हणजे सुख. जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला निरभ्र आभाळात सुख कसलं? आपण सुखातल्या सोबत्यांना शितांवरून ओळखतो: असतील शिते तर जमतील भुते.

आता खुद्द 'फ्रेंड'. जुन्या इंग्रजीत 'फ्रेओंद' म्हणजे प्रेम करणारा. त्याचं मूळ आणि संस्कृत 'प्रिय'चं मूळ एकच. 'कम्पॅनियन'मध्ये लॅटिन 'पानिस' म्हणजे भाकर आहे. एका भाकरीचे वाटेकरी ते कम्पॅनियन. 'मेट'मध्येही एकत्र जेवणंच आहे. हे पोरांना समजावताना मी पैरेकऱ्यांचा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबणाऱ्यांचा, दाखला देतो. ज्यांच्याशी बैलांचा आणि राबण्याचा पैरा असतो, त्यांच्याबरोबरच बांधावर बसून दुपारची भाकरी खाल्ली जाते.

सगळ्यात जवळचा शब्द मी तासाच्या शेवटी ठेवतो: 'पॅल', म्हणजे दोस्त. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला रोमानी लोकांकडून. यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघून पश्चिमेकडे भटकत गेले. त्यांच्या बोलीतला 'फ्राल' म्हणजे संस्कृत 'भ्राता'. लंडनच्या रस्त्यावर दोस्ताला 'पॅल' अशी हाक मारणारा इंग्रज आणि मिरजकर तिकटीला गाडी थांबवून 'काय भावा, कुठं?' विचारणारा आपला गडी, दोघांच्या तोंडी शब्द एकाच घरातला आहे.