मेंदूला पंचविसावा वाढदिवस कळत नाही

माझा भाचा बावीस वर्षांचा. परवा नागपूरच्या लॉ कॉलेज चौकातून ट्रिपल सीट आला, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. तर्री पोह्याची प्लेट हातात घेत मी दोन शब्द सुनावले, तर म्हणतो, "पंचविशीपर्यंत मेंदूच पूर्ण बनत नाही म्हणते ना मामा, मग माझा काय दोष?"

हा आकडा रील्समधून घरोघरी पोचलाय. मूळ गोष्ट खरी आहे, पण मेंदू म्हणजे चोवीसपर्यंत कच्चा आणि पंचविशीला पिकणारा आंबा नव्हे. आकाराने तो सहाव्या वर्षीच प्रौढ मेंदूच्या सुमारे 90 टक्के झालेला असतो. विशीत चालू असतं ते मुख्यतः वायरिंगचं काम, आणि ते मला फार आवडतं.

चेतापेशीच्या लांब शेपटाला अक्षतंतू म्हणतात. त्यावरून संदेश जातो तो तारेतल्या करंटसारखा सरळ धावत नाही. तंतूच्या पडद्यात बारीक दारं असतात, ती उघडली की सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत घुसतात, त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात. म्हणजे वर्धेची पॅसेंजरच : अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, प्रत्येक ठिकाणी थांबा. वेग सेकंदाला साधारण 1 मीटर. आता ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी या तंतूभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे थरावर थर गुंडाळतात. मध्ये मध्ये फक्त उघड्या खाचा राहतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रॅनव्हिए यांचं नाव त्यांना आहे. आवरणामुळे पडद्याची विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, घटते, गळती कमी होते, आणि संदेश फक्त खाचांपाशी ताजा होत उड्या मारत जातो. पॅसेंजरची दुरांतो झाली! शरीरातल्या जाड तंतूंत हा वेग सेकंदाला 100 मीटरपर्यंत जातो. नुसता वेग नव्हे, वेळही जुळावी लागते. लांबचा आणि जवळचा असे दोन संदेश एकाच पेशीवर एकाच क्षणी पोचले, तरच ती पेशी नीट पेटते, म्हणजे पुढे संदेश पाठवते. मायलिनची जाडी आणि खाचांमधलं अंतर बदलून मेंदू हे टाइमटेबल बसवत असतो.

कपाळामागच्या भागाचं, म्हणजे बेत आखणाऱ्या आणि हात आवरणाऱ्या भागाचं, हे काम सगळ्यात उशिरा संपतं. विशीभर चालतं, काही जोडण्या तिशीतही पक्क्या होत राहतात. कुठल्याही आलेखात पंचविसाव्या वाढदिवशी रेघ थांबलेली नाही. शिवाय मायलिन वापरानेही बदलतं. 2009 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तरुणांना सहा आठवडे तीन चेंडू आळीपाळीने हवेत उडवून झेलायला शिकवलं, तर त्यांच्या मेंदूतल्या जोडण्यांच्या रचनेत फरक एमआरआयवर दिसला.

म्हणून ते बोटांचे ठसे घेऊन 'मेंदूचा कल' सांगणारे दुकानदार पाहिले की माझं डोकं फिरतं. ठशांच्या रेघा आईच्या पोटातच ठरून जातात, त्यानंतर बदलत नाहीत. विशीत बदलणाऱ्या जोडण्या त्यात कुठून दिसणार? तरी आईबाप हजारो रुपये मोजून येतात, आणि कुंडलीला हसतात.

भाच्याच्या ट्रिपल सीटबद्दल मात्र एक प्रयोग सांगायलाच हवा. 2005 मध्ये मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 306 जणांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला. दिवा पिवळा झाला तरी पुढे जात राहिलं की गुण मिळायचे, पण अचानक भिंत आडवी आली की आपटायचं. काही जण एकटे खेळले, काही आपल्याच वयाच्या आणखी दोघांसोबत. चोविशीपुढच्यांना सोबतीने फारसा फरक पडला नाही. 13 ते 16 आणि 18 ते 22 या गटांनी मात्र सोबत असताना जास्त धोका पत्करला. म्हणजे ब्रेक आहेत, पण मित्र पाहत असले की ॲक्सिलरेटर जास्त पिळला जातो.

"म्हणजे मी एकटा असलो की शहाणा?" भाच्याने विचारलं. मी हो म्हणेपर्यंत खाली हॉर्न वाजला. दोघं जण फुटाळा तलावावर निघाले होते, आणि गाडी याची होती. जाताना त्याने हेल्मेट घेतलं, पुन्हा कोपरातच.