दुसऱ्या भोकाचा हट्ट

गेल्या आठवड्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या डिझाइन ऑफिसात एका नव्या मुलाने कॅडचं (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं) सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलं. दोन भोकांची पट्टी बेसप्लेटवर बसवताना मेट, म्हणजे दोन भाग एकमेकांशी कसे जुळावेत याच्या अटी, लाल होत होते, म्हणजे जुळत नव्हते. 'सॉफ्टवेअर करप्ट झालंय,' असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. ही समजूत मला जागोजागी भेटते. सॉफ्टवेअर तर तेव्हा अगदी खरं बोलत असतं.

अधांतरी ठेवलेल्या वस्तूला सहा मोकळिका असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. पट्टीचा तळ प्लेटला टेकवला की वर-खाली सरकणं गेलं, दोन बाजूंचं कलणंही गेलं. उरल्या तीन. पहिल्या भोकांचे अक्ष जुळवणारा कॉन्सेंट्रिक मेट चार अटी घालतो, पण कलण्याच्या दोन आधीच गेलेल्या, म्हणून नव्या दोनच जातात. उरतं फक्त भोकाभोवती फिरणं. ते थांबवायला एक अट पुरते, आणि आपण दुसऱ्या भोकाला पुन्हा चार अटींचा मेट लावतो! एकूण अटी ११, मोकळिका ६. प्रत्येक अट म्हणजे एक समीकरण. न्यूटन-रॅफ्सन पद्धतीने, म्हणजे अंदाज सुधारत सुधारत, ही समीकरणं सोडवताना जेकोबियन मॅट्रिक्सची (कोणती हालचाल कोणत्या अटीवर किती परिणाम करते त्याच्या तक्त्याची) रँक, म्हणजे खरोखर वेगळ्या अटींची संख्या, सहाच्या वर जात नाही. पाच अटी जादा ठरतात.

जादा अटी जुळल्या तर बिघडत नाही. पण क्ष + य = १० आणि क्ष + य = १०.०१ ही दोन्ही एकदम खरी कशी होणार? दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालणं मला मनापासून आवडतं, पण मेट लाल झाला म्हणून 'याच्या हाताला गुण नाही' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

जिग-फिक्श्चर (काम करताना भाग नेमक्या जागी धरणारी साधनं) करणाऱ्यांना यावरचा उपाय फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते एका भोकात गोल पिन घालतात आणि दुसऱ्यात डायमंड पिन. तिच्या दोन बाजू छाटलेल्या असल्याने भोकांना जोडणाऱ्या रेषेवर ती थोडी सूट देते आणि फिरणं तेवढं अडवते. किती सुंदर युक्ती! कॅडमध्येही तेच करायचं: दुसऱ्या भोकाला कॉन्सेंट्रिक न लावता दोन्ही भागांची एकेक कड समांतर करायची.

त्या मुलाला मी एकेक मेट सप्रेस करून पट्टी माउसने ओढायला सांगितलं. दुसऱ्या भोकाचा मेट बंद करताच लाल रंग गेला आणि पट्टी पहिल्या भोकाभोवती फिरली. मग अंतरं मोजली. पट्टीवर ८० मिमी, प्लेटवर ८०.०१. प्लेट मुळात इंचांत काढलेली होती, ३.१५ इंच. वर्कशॉपमध्ये भोक बोल्टपेक्षा जरा मोठंच असतं, त्यामुळे तिथे हा फरक कधी कोणाच्या लक्षातच आला नव्हता.