नेटवर्कबाहेरील अवयव प्रत्यारोपण आणि आरोग्यविमा (ठाणे–नवी मुंबई)

विमा कंपनीशी करार नसलेल्या रुग्णालयात मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुफ्फुस अशा अवयवाचे प्रत्यारोपण करून घेऊन त्याचा खर्च पॉलिसीतून मिळवण्याची प्रक्रिया. भारतात नेटवर्कबाहेर गेले म्हणून विमासंरक्षण सहसा संपत नाही, फक्त पैसे मिळण्याची रीत बदलते. करार असलेल्या रुग्णालयात कंपनी किंवा तिची टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) थेट बिल भागवते (कॅशलेस). करार नसेल तर रुग्णाने आधी पैसे भरायचे आणि नंतर परताव्याचा क्लेम करायचा. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियेत हा फरक चार कागदांचा असतो. खासगी रुग्णालयातील यकृत प्रत्यारोपणात मात्र तो वीस लाखांहून अधिक रक्कम आधी उभी करण्याचा असू शकतो.

नेटवर्कमधील आणि नेटवर्कबाहेरील रुग्णालयांखेरीज एक तिसरा प्रकार आहे आणि गोंधळ होतो तो तिथेच. काही रुग्णालये कंपनीने नावानिशी वगळलेली असतात. तेथील खर्च परताव्यातही मिळत नाही. अपघात किंवा जिवावरचा प्रसंग असेल तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो. ही यादी कंपनीच्या संकेतस्थळावर असते. नेटवर्कची यादी सगळे पाहतात, ही फार कोणी उघडत नाही.

प्रत्यारोपणाला आणखी एक चाळणी लागते. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार नोंदणी असलेल्या रुग्णालयातच प्रत्यारोपण करता येते आणि ही नोंदणी अवयवनिहाय असते. मूत्रपिंडाचा परवाना असलेल्या रुग्णालयाला यकृताचा असेलच असे नाही. परवाना मुदतीचा असतो व नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे क्लेमच्या फाइलमध्ये त्याची प्रत लावलेली बरी.

प्रतीक्षायादी आणि पॉलिसी

मेंदूमृत दात्याचा अवयव मिळण्यासाठी ठाणे व नवी मुंबईचे रुग्ण मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजेच झेडटीसीसीच्या यादीत येतात. हे नाव रुग्ण स्वतः घालत नाही, ते त्याच्या रुग्णालयामार्फत नोंदवले जाते. ठाण्यात पूर्व द्रुतगती महामार्गालगतचे ज्युपिटर, बेलापूरचे अपोलो, मुलुंडचे फोर्टिस, परळचे केईएम अशी निवड कागदावर मोठी दिसते. पण एकदा नाव एका ठिकाणी लागले की रुग्ण त्या रुग्णालयाशी बांधला जातो. अवयव उपलब्ध झाल्याचा फोन येतो तो तिथूनच. आणि मूत्रपिंडासाठी हा फोन यायला वर्षे लागू शकतात.

हृदय शरीराबाहेर साधारण चार तास टिकते, यकृत त्याहून अधिक, मूत्रपिंड जेमतेम दिवसभर. रात्री अडीच वाजता ऐरोलीहून किंवा घोडबंदर रोडवरून निघालेल्या कुटुंबाला त्या वेळी नेटवर्कची यादी तपासता येत नाही आणि तपासूनही काही उपयोग नसतो. विम्याचा निर्णय त्या रात्री होत नाही, तो नाव नोंदवले त्याच दिवशी झालेला असतो. शिवाय मधल्या काळात करार संपतात, दरांवरून वाद होतात, कंपनी टीपीए बदलते. नोंदणीच्या दिवशी नेटवर्कमध्ये असलेले रुग्णालय फोन येईपर्यंत बाहेर गेलेले असू शकते. दर नूतनीकरणाला यादी पुन्हा पाहणे एवढाच त्यावर उपाय आहे. करार तुटल्याचे कळले तर रुग्णालय बदलता येते का आणि बदलल्यास प्रतीक्षेचा काळ कसा धरला जातो, हे रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकाला विचारून मगच हालचाल करावी.

प्रतीक्षायादीचा दुसरा फटका तपासण्यांना बसतो. रुग्ण दाखल होण्यापूर्वीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे पॉलिसी देते. यादीत नाव लावण्यासाठीच्या तपासण्या मात्र वर्ष-दीड वर्ष आधी झालेल्या असतात, म्हणून त्या बहुधा खिशातूनच जातात. तसेच एका अवयवासाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावले जाते. क्रॉसमॅच (दात्याशी रक्त जुळते का याची चाचणी) जुळला नाही म्हणून जो सकाळी घरी परततो, त्याचे क्लेमसाठी लागणारे रुग्णालयातले २४ तास भरत नाहीत आणि क्लेमही होत नाही.

जिवंत दात्याचे प्रत्यारोपण ठरवून होते. आईवडील, मुले, भावंडे, पतीपत्नी, आजीआजोबा व नातवंडे हे कायद्याने जवळचे नातेवाईक आहेत. इतरांसाठी प्राधिकार समितीची (दानामागे पैशाचा व्यवहार नाही ना, हे तपासणारी समिती) मंजुरी लागते. या कामासाठी जमवलेले रेशन कार्ड, विवाह दाखला, जुने फोटो विमा कंपनीही मागू शकते, म्हणून झेरॉक्सचा एक जादा संच काढून ठेवलेला बरा.

‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’

जानेवारी २०२४ मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने, म्हणजे सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या संघटनेने, ही सोय जाहीर केली. करार नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. ठरवलेल्या उपचारासाठी किमान ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचे असते. जिवंत दात्याच्या शस्त्रक्रियेला पहिला नियम सहज लागू पडतो. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत ४८ तास आधी कोणालाच काही ठाऊक नसते. तेव्हा दुसऱ्या नियमाने जावे आणि पहिल्या फोनची वेळ लिहून ठेवावी. ही सोय चालायला रुग्णालयही राजी असावे लागते. ज्याचा करारच नाही ते डिपॉझिट मागणारच, आणि कंपनीचे मंजुरीपत्र हातात पडेपर्यंत ते सोडतही नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे.

परतावा कमी का येतो

करार नाही म्हणजे ठरलेला दरही नाही. अशा वेळी कंपनी ‘वाजवी व प्रचलित’ खर्चाचे कलम पुढे करते, म्हणजे त्याच भागातली तशीच रुग्णालये तेवढ्याच कामाचे किती घेतात ते पाहून वरची रक्कम कापते. यावर एकच उत्तर चालते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे, ते कंपनीला ईमेलने पाठवावे आणि कोणती रक्कम मान्य होईल ते लेखी मागावे. कंपनी गप्प राहिली तरी तो ईमेल पुढे विमा लोकपालासमोर (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) उपयोगी पडतो.

खोलीच्या भाड्याची मर्यादा हा त्याहून मोठा खड्डा. पॉलिसीत दिवसाला पाच हजार मान्य असताना दहा हजारांची खोली घेतली, तर फरक भाड्यापुरता राहत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क हे सगळे त्याच प्रमाणात निम्म्यावर येते. औषधे, इम्प्लांट व तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, असे नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तरी बिलात ती लागलेली दिसली तर हरकत घ्यावी.

या भागातली एक खास अडचण झोनची. काही पॉलिसींचा हप्ता शहरानुसार ठरतो आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई महागड्या झोनमध्ये येतात. सातारा, सांगली किंवा रत्नागिरीच्या पत्त्यावर घेतलेल्या आईवडिलांच्या पॉलिसीवर वाशीत उपचार झाले, तर बिलाचा ठरावीक टक्का स्वतः भरावा लागू शकतो. गावाकडच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो म्हणून घेतलेली पॉलिसी इथे महाग पडते.

दात्याचे बिल बऱ्याचदा वेगळ्या नावाने, वेगळ्या फाइलने येते, पण क्लेम अवयव घेणाऱ्याच्याच पॉलिसीत करायचा असतो. अवयवदान हा आजार नव्हे, त्यामुळे दात्याची स्वतःची पॉलिसी सहसा पैसे देत नाही. पॉलिसी दात्याच्या शरीरातून अवयव काढण्याचा रुग्णालयीन खर्च देते. त्याच्या आधीच्या चाचण्या आणि नंतरची गुंतागुंत बहुधा वगळलेली असते. अवयवाची किंमत असा रकानाच नाही, कारण अवयवाची खरेदी-विक्री हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. मेंदूमृत दात्याची देखभाल, अवयव काढणे व वाहतूक यांचा खर्च त्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. तो घेणाऱ्याच्या बिलात आला तर पॉलिसीत मान्य आहे का, ते आधी वाचावे. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून डिस्चार्जनंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, पॉलिसी मात्र ६० ते १८० दिवसांवर थांबते.

गंभीर आजाराची पॉलिसी याहून निराळी. तिच्या प्रमाणित व्याख्येत हृदय, फुफ्फुस, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड व अस्थिमज्जा यांचे प्रत्यारोपण येते. ती एकरकमी पैसे देते, म्हणून तिला नेटवर्कशी देणेघेणे नाही. मात्र निदानानंतर ती घेण्यात अर्थ नसतो.

ऐरोली–महापेच्या कंपन्यांतील नोकरदारांची भिस्त ग्रुप पॉलिसीवर असते. डायलिसिसमुळे नोकरी सुटली तर तीही जाते. ती संपण्यापूर्वी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा, म्हणजे विम्याचा आधी भरलेला प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यानंतर काही आजारांना संरक्षण मिळेपर्यंतचा काळ) मोजला जातो.

सरकारी योजनांत अशी लवचिकता नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. पण रुग्णालय योजनेत अंगीकृत असले पाहिजे. बाहेर भरलेल्या बिलाचा परतावा तिथे मागता येत नाही.

वाद

क्लेम नाकारला किंवा कापला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पूर्वी ठाणे-नवी मुंबईच्या तक्रारी पुण्याच्या लोकपालाकडे जात. आता ठाणे पश्चिमेला स्वतंत्र कार्यालय आहे आणि ठाणे, पालघर, रायगड जिल्हे व नवी मुंबई त्याच्या कक्षेत येतात. प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णाला संसर्गाच्या भीतीने गर्दी टाळावी लागते, त्यामुळे पुण्याची खेप वाचली ही लहान गोष्ट नाही. अर्ज ऑनलाइनही करता येतो. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा असून तो अधिक वेळखाऊ आहे. एकच वाद दोन्हीकडे एकाच वेळी नेता येत नाही. आयोगात प्रकरण दाखल असेल तर लोकपाल ते ऐकत नाही.