गाडी आर्यनला लाव

मंडईत खरेदीला निघालेल्या माणसाला पुण्यात हमखास सल्ला मिळतो, "गाडी आर्यनला लाव." रॅम्प चढायचा, पावती खिशात कोंबायची, पिशवी घेऊन तुळशीबागेकडे निघायचं. वाहनतळाचं अधिकृत नाव वेगळं आहे, पण ते विचारलंत तर शेजारचा भाजीवालाही विचारात पडेल.

आर्यन हे थेटरचं नाव. बापूसाहेब ऊर्फ गंगाधर पाठकांनी ते १९१५ साली सुरू केलं. पुण्यातलं हे पहिलं कायमचं चित्रपटगृह. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. मूकपटांचा जमाना तो. पडद्यावर पाटी आली की वाचता येणाऱ्यानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची.

जागा मात्र पाठकांनी अचूक हेरली. शेजारी मंडई, म्हणजे गिऱ्हाईक शोधत हिंडायला नको. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरायचा. नगरपालिकेनं १८८६ साली दगडी, उंच मनोऱ्याची मंडई बांधली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं तिचं रे मार्केट केलं. या खर्चाला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव लागलं. पुण्याच्या इतिहासात असे विनोद बरेच आहेत.

आर्यन १९८३ साली बंद झालं. पेठांमधले रस्ते पायी चालणाऱ्यांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाचे, त्यात सायकलींच्या शहरात स्कूटरी आल्या. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला येणारा गाडी लावणार कुठे? थेटर पाडून तिथं महापालिकेचं वाहनतळ उभं राहिलं. जवळच्या मिनर्व्हा टॉकीजचंही तेच झालं. गरज खरी होती, हे मान्य. पण शहरातल्या पहिल्या थेटरच्या जागी त्याची साधी ओळख सांगणारी एखादी ठळक पाटी असायला काय हरकत होती?

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईखाली मेट्रोचं भुयारी स्टेशन सुरू झालं. तरी सणासुदीला आर्यनच्या तोंडाशी दुचाक्यांची रांग असतेच. आणि आत जागा नसली की रखवालदार दुसऱ्या थेटरकडे पाठवतो, "मिनर्व्हाला बघा."